ताळा

रात्रीचे सव्वादोन. योएन्सूत उणे सत्तावीस.
नदी गोठलेली, पुलाखाली फक्त एक काळी पट्टी
वाफाळत जागी.

हिल्क्का तुरुनेनच्या पडद्यावर एक चौकोन,
केसाच्या जाडीहून लहान.
त्यात चाळीस हजार घरं
आणि प्रत्येक घराला एकच प्रश्न:
तू काच, की हवा?

मंद प्रकाश आला तर त्यानं वरच्या वाटेनं जावं,
प्रखर आला तर खालच्या.
एवढंच हवंय. कोणी दार लोटायचं नाही,
प्रकाशानंच आपल्या वजनानं
वाट वाकवायची.

एकेक घर बदलून बघायचं म्हटलं
तर खेपेला अकरा मिनिटं.
मी हिशेब केला होता: तीनशे पाच दिवस, वर काही तास.
म्हणून दोनच खेपा.
एकदा प्रकाश आत सोडायचा,
एकदा शेवटच्या दारातून उलट्या पावली
आत शिरायचं, आणि वाटेत
प्रत्येक घराचा उतार विचारत यायचं:
तू कुठे कललास तर बरं होईल?

साध्या काचेत हे बिनबोभाट चालतं.

आमची काच साधी नव्हती.
तीन आठवडे ताळा जुळत नव्हता.
सतरा हजार तीनशे सहावं घर
तिनं तसूभर हलवलं, पुन्हा मोजलं.
सूत्र म्हणे ०.४२.
काच म्हणे ०.६१.
मी म्हणालो, जाळी बारीक करू.
केली. काळाची पावलं निम्मी केली.
फरक तिथेच,
उलट आता जास्त दशांशांनी ठाम.

तिचे वडील आर्मास याच नदीवर
ओंडके वाहून न्यायचे.
मे महिन्यात कोंडी झाली की ते वरून सुरुवात करत नसत.
कोंडीपासून मागे चालायचे,
काठाकाठानं, ज्या एका लाकडानं अडवलं
त्याच्यापर्यंत.
नऊ वर्षांच्या हिल्क्काला म्हणाले होते:
लक्षात ठेव, आता ही ती नदी नाही.
ओंडक्यांनीच तिला अरुंद केलीय.

ही गोष्ट मी नंतर सगळ्यांना सांगत सुटलो.
तिनं एकदा ऐकली आणि म्हणाली,
एल्यास, तेव्हा मला वडील आठवले नव्हते.
पायाला मुंग्या आल्या होत्या,
म्हणून उठले, आणि खिडकीच्या काचेवर
वाफेत बोटानं घन लिहिला.

घनाचा उतार काढताना
तीन पुढे येऊन उभा राहतो.
शाळेतलं गणित.
जाणाऱ्या प्रकाशाला काच एकपट वाकलेली दिसते.
परतणाऱ्याला तीच काच, त्याच क्षणी,
तिप्पट.
आणि आम्ही परतणाऱ्याला
जाणाऱ्याचीच काच देत होतो.
हातचे दोन विसरून.

सोपं नव्हतं तरीही.
परतणाऱ्याला प्रत्येक क्षणाची काच हवी,
शेवटच्या क्षणापासून पहिल्यापर्यंत,
म्हणून जाताना प्रत्येक क्षण साठवायचा.
डिस्क भरली.
माझे उन्हाळ्यातले फोटो पुसले गेले:
तळं, होडी, आणि एक मुलगी
जिचं नाव इथे सांगायची गरज नाही.

पहाटे सहाला सूत्र म्हणालं ०.६११३.
काच म्हणाली ०.६११२.
हिल्क्कानं टोपी घातली, मग काढली,
मग कॉफीचं मशीन सुरू करायला गेली
आणि भांडं ठेवायला विसरली.

एकसष्टाव्या फेरीत
जो आकार उरला तो कोणी कागदावर काढला नसता.
दगडावरच्या शेवाळासारखा,
काठाशी बर्फ कुरतडला जावा तसा.
मंद प्रकाश वर गेला. प्रखर खाली.

जुने, चुकीच्या उतारावरून चाललेले आराखडे
मी एकत्र करून पुसायला घेतले.
त्यातल्या एकावर तिनं बोट ठेवलं. हा राहू दे.
तो जवळजवळ बरोबर पोचला होता,
सगळं चुकीचं विचारत.
कसा, ते तिला माहीत नाही.
मलाही.
तो अजून फोल्डरमध्ये आहे,
नाव फक्त तारीख.